सदूशेटची बोडकी मोटार

सदूशेट शेट्ये यांच्या गोठ्याला मोटारीचं दार होतं, आणि त्यांच्या मोटारीला दार नव्हतं.

दार चांगलं होतं. काळं, चकचकीत, पितळी मुठीचं. त्यांची म्हैस त्या दारावरून मान बाहेर काढून रस्त्याकडे बघत उभी राहिली, की एखाद्या संस्थानिकाची स्वारी कुणाची तरी वाट बघत खोळंबली आहे असं वाटायचं. मोटारीची दोन मडगार्डं परसात पोफळींच्या पाटात बसवलेली होती. त्यांतून पाणी फार छान वाहायचं. कापडी टप लाकडांच्या ढिगावर ताणलेला होता. मागची बैठक दुकानाच्या पडवीत होती आणि खिळे घ्यायला आलेली कुळं तिच्यावर बसून तंबाखू मळत. मोटारीवर म्हणून जे काय उरलं होतं ते म्हणजे चार चाकं, एक सांगाडा, इंजिन, सुकाणू आणि सदूशेट.

रत्नागिरीत खालच्या आळीत आमचं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी होतं. मी कोर्टात कारकून. सदूशेटांचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान, वडिलांपासून चालत आलेलं. कोयते, बिजागऱ्या, नांगराचे फाळ, होड्यांचे नांगर, साखळ्या. माणूस अंगानं काटकुळा, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या खिशात कायम एक पाना. बोलणं कमी आणि जे बोलणं ते सौद्यातलं. त्यांचा एक प्रश्न सगळ्या गावाला पाठ होता. "बदल्यात काय?"

कुणी सांगितलं, मुलाला मुंबईत गिरणीत नोकरी लागली, की सदूशेट विचारायचे, "बदल्यात काय?" कुणी नवी विहीर खणली, कुणी दाढी काढली, तरी हेच. माझ्या घरी मुलगा झाला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "बरं झालं. बदल्यात काय?" मी म्हटलं, झोप. सदूशेटांनी मान डोलावली आणि दुसरा पेढा घेतला. माझा व्यवहार त्यांना चोख वाटला असावा.

मोटारही त्यांना बदल्यातच मिळाली होती. घाटावर उतारूंची ने-आण करणाऱ्या एका सर्व्हिसवाल्याची जुनी अमेरिकन मोटार साखरप्याच्या अलीकडे बंद पडून एका झाडाखाली पडली होती. त्याला छपरासाठी पत्रे हवे होते. सदूशेटांनी पत्रे दिले आणि मोटार बैल जुंपून घरी आणली. त्या वर्षी पावसाळाभर ते तिच्या पोटात शिरून होते. दिवाळीच्या सुमारास ती सुरू झाली. सुरू झाली एवढंच. चालताना तिचा वेग असा होता, की आळीतली मंडळी तिच्या बाजूनं गप्पा मारत चालत आणि मधेच कुणी सदूशेटांकडे काडी मागे.

दुसरा कुणी असता तर यावर समाधान मानून दसऱ्याला तिला हार घालत बसला असता. सदूशेटांनी विचार केला. मोटार हळू जाते, कारण ती जड आहे. जड आहे, कारण तिच्यावर नको ते लादलेलं आहे. मग त्यांनी पाना घेतला.

आधी दारं गेली. सदूशेटांचा सवाल असा, की माणूस उडी मारून आत बसू शकत असेल तर दाराचं काम काय? मोटार थोडी हलकी झाली. मग मडगार्डं गेली. मोटार चांगलीच हलकी झाली, आणि बदल्यात चाकांनी उडवलेला तांबडा चिखल थेट सदूशेटांच्या पाठीवर बसू लागला. कोटावर मानेपासून कमरेपर्यंत तांबडा पट्टा. पट्ट्याच्या रंगावरून लोक ओळखू लागले, आज शेट मिरजोळ्याकडून आले की नाचणे गावाकडून. एकदा एका वकिलांच्या पांढऱ्या शुभ्र धोतरावरही तसाच पट्टा उठला. ते मला कोर्टात म्हणाले, तुमच्या शेजाऱ्याला समज द्या. मी समज दिली. सदूशेट म्हणाले, वकिलांना धोतर बदलता येतं, मोटारीला वजन बदलता येत नाही.

मग टप गेला. उन्हाळ्यात त्यांचं नाक सोलवटून निघालं. पावसाची सर अवचित आली म्हणून शेतात लावणीला वापरतात तसलं पानांचं इरलं डोक्यावर घेऊन ते मोटार हाकायला लागले. पण इरलं हे वाकून काम करणाऱ्या माणसासाठी केलेलं असतं, धावणाऱ्या माणसासाठी नव्हे. कुवारबावच्या पुढच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, वारा त्यात असा भरला, की इरलं शिडासारखं फुगलं, सुटलं आणि मागून येणाऱ्या बैलांच्या शिंगांत जाऊन बसलं. बैल उधळले. गाडीवानानं काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

टप गेल्यावर गावानं मोटारीचं नाव ठेवलं, बोडकी. "बोडकी आली", "बोडकी गेली". सदूशेटांना काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्यांच्या बायकोला, द्वारकावहिनींना. सवाष्णीच्या दारात उभ्या असलेल्या वस्तूला असलं नाव, हे त्यांना सहन होईना. त्या आमच्या हिच्याजवळ एकदाच बोलल्या. एरवी त्या मोटारीबद्दल अक्षर काढत नसत. ठेंगण्याशा, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ओटीवर कडीपाटाखाली निवडण घेऊन बसायच्या, आणि समोर अंगणात सदूशेट मोटारीखाली उताणे पडलेले असायचे. वहिनींना नवऱ्याचे पाय दिसत. त्या पायांकडे बघून त्या मधूनमधून विचारायच्या, भाकरी आता टाकू का मागाहून? पायांकडून उत्तर येत नसे.

पेट्रोलची टाकी मूळची बैठकीखाली होती. सदूशेटांनी ती काढून मागे आंब्याच्या पेट्या रचून त्यांच्यावर उंच बसवली, म्हणजे पेट्रोल वरून खाली इंजिनात भराभर उतरेल. उतरू लागलं. बदल्यात सदूशेटांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर पेट्रोल डुचमळू लागलं, आणि त्यांनी पंधरा वर्षांची बिडी सोडली. आळीतल्या बायकांना मोटारीचा हा एकच गुण दिसला.

पुढे त्यांनी धुराच्या नळीवरचा सायलेन्सर नावाचा डबा काढला. त्यामुळे इंजिनाला मोकळा श्वास मिळतो असं ते म्हणत. इंजिनाला मिळाला असेल. गावाचा गेला. मोटार बाजारातून निघाली की कोर्टात साक्षीदार थांबे, वकील थांबत, आवाज टेकडीपलीकडे जाईपर्यंत न्यायदान थांबे. इस्पितळावरून जाताना मात्र सदूशेट इंजिन बंद करायचे आणि उताराच्या जोरावर मुकाट्यानं घरंगळत जायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

इतकं सगळं काढल्यावर मोटार खरोखर पळू लागली. पण एक नवीच अडचण निघाली. मागचा भाग एवढा हलका झाला, की जांभ्याच्या खडीवर चाकं जमीन धरीनात. वळणावर मोटारीचं तोंड पुढे जाई आणि बूड बाजूनं येऊ पाही. ब्रेक दाबला तर चाकं थांबत, पण मोटार तशीच पुढे घसरत जाई. तेव्हा सदूशेटांनी दुकानातून खिळ्यांचं एक भरलेलं पोतं आणून मागे बांधलं.

मी म्हटलं, "शेट, वजन काढायला वर्ष घालवलंत, आणि आता पोतं चढवता?"

"कारकून," ते म्हणाले, "दार जिथं असतं तिथंच असतं. पोतं पायजे तिथं ठेवता येतं."

 पण दुकानात खिळ्यांना गिऱ्हाईक होतं आणि पोतं अधूनमधून विकलं जाई. अशा एका रविवारी सदूशेट आमच्या दारात आले, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, मोकळे आहात का? मी त्या काळात अंगानं बरा भरलेला होतो. अशा रीतीनं मी पोत्याच्या जागी मोटारीत बसू लागलो. पेट्या आणि टाकी यांच्या शेजारी एक फळी होती, तिला धरून बसायचं. वळण आलं की शेट हात वर करायचे आणि मी आतल्या बाजूला झुकायचं. भीती वाटायची. पण खरं सांगायचं तर, सड्यावर मोटारीनं वेग घेतला आणि दोन्ही बाजूंचं वाळलं गवत नुसती पिवळी रेघ झालं, की दिवसभर दुसऱ्यांचे दावे उतरून काढणाऱ्या माणसाला आपणही कुठेतरी निघालो आहोत असं वाटायचं.

आता हंड्याची हकिकत.

मोटार पळायला लागली तसं तिचं पाणी उकळायला लागलं. पुढच्या रेडिएटरमध्ये मावेल तेवढं पाणी हातखंब्यापर्यंतसुद्धा पुरत नसे. वर आणखी पाण्याची सोय हवी, आणि ती तांब्याची हवी, कारण तांबं लवकर निवतं. सदूशेटांच्या दुकानात लोखंडाचं सगळं होतं, तांब्याचं काही नव्हतं. तांब्याचा हंडा होता तो न्हाणीघरात, चुलीवर. द्वारकावहिनींना लग्नात माहेरहून मिळालेला. गळ्याशी त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. आई आदल्याच वर्षी गेली होती.

सदूशेटांनी हंड्याला खाली भोक पाडलं, नळी बसवली, डाक लावून घेतला आणि हंडा मोटारीच्या नाकावर घट्ट आवळला. वहिनी विहिरीवरून आल्या तेव्हा शेटांच्या सासूबाईंचं नाव रस्त्याकडे तोंड करून चमकत होतं.

मी कुंपणापाशी उभा होतो. मला वाटलं, आता काहीतरी होईल. वहिनींनी कळशी खाली ठेवली, हंड्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं आणि विचारलं, "आंघोळीचं पाणी कशात तापवू?"

सदूशेट पाना पुसत म्हणाले, दुकानातून लोखंडी हंडा आणून देतो, जास्त टिकेल. वहिनींनी कळशी उचलली आणि त्या आत गेल्या.

सदूशेटांनी माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. सौदा मिटला असं त्यांना वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनींचे भाऊ दत्ताराम लांज्याहून कोर्टाच्या कामाला आले. काम आटोपलं. त्याच दिवशी दुपारी सदूशेटांनी मला कचेरीतून सुटल्या सुटल्या गाठलं. हंडा बसवल्यावर मोटार किती दम धरते हे बघायचं होतं. राजापूरकडे जाणारी सर्व्हिस मोटार नुकतीच सुटली होती. तिला हातखंब्याच्या आत गाठायचं आणि मागे टाकायचं, असा शेटांचा बेत. मी फळी धरून बसलो.

त्या दिवशी बोडकी जशी पळाली तशी पुन्हा कधी पळाली नाही. कुवारबाव मागे पडलं. सडा लागला. पुढे सर्व्हिसची धूळ दिसू लागली. शेटांनी टोपी काढून मांडीखाली घातली. धुळीत शिरलो, धुळीतून बाहेर आलो, आणि आम्ही सर्व्हिसच्या बरोबरीला होतो. उतारू खिडक्यांतून माना काढून बघत होते. सदूशेटांनी त्यांना हात केला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना परक्या माणसांना हात करताना बघितलं. त्याच वेळी मला मधल्या खिडकीत मोठं कुंकू दिसलं. शेजारी दत्ताराम, आणि मांडीवर बोचकं.

मी शेटांच्या कानाशी ओरडलो, "वहिनी, वहिनी!" सायलेन्सर नव्हताच. त्यांना ऐकू आलं, "वाहवा, वाहवा." त्यांनी खुशीनं मान डोलावली आणि मोटार आणखी जोरात सोडली.

हातखंब्याला वडाखाली आम्ही थांबलो. थांबलो म्हणजे थांबावंच लागलं. हंड्यातून वाफेचा फवारा उडत होता. सदूशेट उतरले. चेहरा धुळीनं तांबडा, दात तेवढे पांढरे. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, बोचकंही सांगितलं.

 ते वळून हँडल मारायला गेले; इंजिन इतकं तापलेलं, की ते जागचं हलेना. पाणी नव्हतं. तेवढ्यात मागून सर्व्हिस आली. तिच्या ड्रायव्हरनं आमच्या वाफेकडे बघून मुद्दाम लांबलचक भोंगा वाजवला, उतारू हसले. वहिनी समोर बघत बसल्या होत्या. सदूशेटांचा एक हात थोडासा वर झाला. थांबवायला की निरोपाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. सर्व्हिस पालीच्या दिशेनं निघून गेली. दुसरा हात त्यांनी हंड्यावर टेकला होता. तळवा चांगलाच भाजला होता, हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

आम्ही सगळे म्हणालो, माहेरी गेल्या आहेत, येतील. पाऊस सुरू झाला, मोटार गवताच्या छपराखाली गेली. वहिनी आल्या नाहीत. गणपती आले. कोकणात माणूस मुंबईहून येतो, बोटीवरून येतो, भांडून गेलेला येतो, पण गणपतीला घरी येतो. वहिनी आल्या नाहीत. मोदक आमच्या हिनं करून दिले. गौरीच्या दिवशी शेटांच्या घरात पुजायला बाईमाणूस नव्हतं. शेट सोवळं नेसून गणपतीपुढे बसले होते आणि आरतीला त्यांचा आवाज निघत नव्हता. एरवी त्यांचा आवाज मांडवीच्या धक्क्यापर्यंत जायचा.

त्या दिवसांत ते आमच्याकडे येऊन बसायचे. मोटारीचा विषय निघायचा नाही. एकदा त्यांनी आमच्या हिला विचारलं, आमटीला कोकम आधी घालायचं की मागाहून? हिनं सांगितलं. जाताना दारात वळून ते म्हणाले, ती आधी घालायची की मागाहून, ता बघायचं राहून गेलं.

त्यांची मावशी होती गावात, वयस्कर, तोंडाची फटकळ. तिनं उघडच काढलं. घरात मूल नाही, बायको आपण होऊन गेली, मग दुसरं लग्न कर; पावशीची एक मुलगी माझ्या बघण्यात आहे. त्या काळी यात वावगं असं कुणालाच वाटत नसे. मी तिथेच होतो. सदूशेटांनी नेहमीचाच प्रश्न केला. मावशी म्हणाली, बदल्यात काय जाणार, काहीच जात नाही.

"मावशे," सदूशेट म्हणाले, "काहीच जात नाय असा सौदा मी अजून बघितला नाय."

मावशी रागावून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी बाहेर गेलो. सदूशेट गोठ्याचं दार काढत होते. म्हैस आपलं वैभव जाताना बघत होती.

मग पोफळींच्या पाटातली मडगार्डं निघाली. टप निघाला, त्याला उंदरांनी पाडलेली भोकं शेटांनी स्वतः शिवली. पडवीतली बैठक निघाली आणि गिऱ्हाइकं पुन्हा जमिनीवर बसू लागली. सायलेन्सर बसला, आणि कोर्टाचं काम सुरळीत चालू लागलं. हंडा त्यांनी तांबटाकडे नेऊन भोक बुजवून घेतला, चिंच लावून घासला आणि न्हाणीघरात चुलीवर नेऊन ठेवला. त्याच्याखाली जाळ मात्र घातला नाही.

मी विचारलं, "शेट, आता ही पळेल?"

"नाय पळणार."

"आणि टाकी?"

टाकी त्यांनी पुन्हा बैठकीखाली नेली होती. "तिला वासानं मळमळतं," एवढंच ते म्हणाले, आणि चक्क लाजले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आम्ही लांज्याला निघालो. मला बरोबर घेतलं होतं ते या खेपेला वजनासाठी नव्हे, बोलण्यासाठी. कोर्टातला माणूस, दोन शब्द नीट मांडील, असा शेटांचा विचार. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. चूक कबूल, पण हेतू वाईट नव्हता, वगैरे. शेटांनी दाढी केली होती, कोट धुतलेला होता, आणि मोटार बैलगाडीच्या चालीनं चालली होती. एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. शेटांनी त्याला जाऊ दिलं.

दत्तारामांनी आम्हाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, पण तोंड आवळलेलंच होतं. ते म्हणाले, माझी बहीण काय खिळ्यांचं पोतं आहे, हवं तेव्हा बांधायला? मी घसा साफ केला आणि जुळवलेलं पहिलं वाक्य काढणार, एवढ्यात वहिनी आतून बाहेर आल्या. आमच्याकडे न बघता त्या सरळ पायऱ्या उतरून अंगणात मोटारीपाशी गेल्या. एक फेरी मारली. टपाच्या शिवणीवर बोट फिरवलं. मग दाराच्या पितळी मुठीवर हात ठेवला.

"हे गोठ्याचं ना?"

"होय," सदूशेट ओटीवरून म्हणाले.

"मग म्हशीला?"

"म्हशीला बांबूचं केलंय."

वहिनी आत गेल्या. थोड्या वेळानं बोचकं घेऊन बाहेर आल्या. माझं भाषण तसंच राहिलं.

परतताना नदीवरचा पूल ओलांडला की चढण लागते. तिथपर्यंत मोटार कशीबशी आली. शेट पुढे, मी त्यांच्या शेजारी, वहिनी मागच्या बैठकीवर टपाखाली, डोक्यावरून पदर घट्ट धरून.  चढणीच्या तोंडाशी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. मी विचारलं, काय झालं? शेट म्हणाले, टाकी खाली गेली, चढणीवर ती इंजिनापेक्षा खाली राहते, पेट्रोल वर चढत नाही. मग जुनी दारं, टप, हे सगळं वजन. वहिनी म्हणाल्या, मी उतरून चालते. शेट म्हणाले, तू बस. मी उतरलो, मला कुणी बस म्हटलं नाही.

असल्या मोटारींना अशा वेळी एकच उपाय असे. तोंड फिरवायचं आणि मोटार उलटी, पाठमोरी चढवायची. म्हणजे टाकी वर येते, इंजिन खाली राहतं आणि पेट्रोल आपोआप उतरतं. सर्व्हिसवाले करत. सदूशेटांनी ते कधी केलं नव्हतं; मोटार मागे चालवणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी गाडी वळवली. तोंड नदीकडे, पाठ चढणीकडे. मला म्हणाले, एक मोठा दगड घ्या आणि माझ्या पुढच्या चाकापाशी चला. घसरली तर चाकाखाली घाला.

मोटार उलटी चढू लागली. मी दगड घेऊन तिच्या तोंडासमोर, हळूहळू वर. उलटी मोटार चालवायची तर माणसाला मान पूर्ण मागे वळवून बघावं लागतं, आणि मागे बैठकीवर वहिनी होत्या. मला शेटांचं डोकं मागून दिसत होतं आणि वहिनींचा चेहरा समोरून. सुरुवातीला शेट त्यांच्या खांद्यावरून पलीकडे रस्ता बघत होते. वहिनी खाली बोचक्याकडे बघत होत्या. पहिलं वळण गेलं. मग वहिनींनी वर बघितलं. बारा-पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचे पाय पुष्कळ बघितले होते. चेहरा इतका वेळ समोर कधी आला नसावा.

सायलेन्सर होता, त्यामुळे मला ऐकू आलं.

"मान दुखत नाय?" वहिनी म्हणाल्या.

"दुखते."

"मग पुढं बघा जरा."

"पुढं बघून गाडी चढत नाय गो."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. हसल्या की रडल्या ते मला त्या अंतरावरून कळलं नाही. मग त्यांनी काहीतरी विचारलं, ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि शेट उत्तर देऊ लागले. एका वाक्यात उत्तर देणारा माणूस, पण दोन वळणं झाली तरी त्यांचं उत्तर संपलं नव्हतं. मधे आमटी, कोकम असे शब्द कानावर आले. मावशीचंही नाव आलं. वहिनी मान हलवत होत्या, मधेच त्या हातानं खूण करत होत्या, डावीकडे घ्या, खड्डा आहे. शेट घेत होते.

चढण संपली. वर सपाट सडा, दोन्ही बाजूंना वाळू लागलेलं गवत, रस्ता सरळ. इथे थांबून मोटारीचं तोंड फिरवायचं आणि मला बसवून नीट रत्नागिरीच्या वाटेला लागायचं. मी घाम पुसला आणि थांबलो.

मोटार थांबली नाही. ती तशीच उलटी, पाठमोरी, सावकाश सपाटीवरून पुढे जात राहिली. सदूशेटांची मान मागेच वळलेली होती, आणि वहिनी त्यांना काहीतरी सांगत होत्या. मी एकदा हाक मारली. मग हातातला दगड रस्त्याच्या कडेला ठेवला आणि त्यांच्यामागून चालू लागलो.